पाण्यातून ऑक्सिजन काढून विकायचा विचार करताय? आधी हिशेब, मग सुरक्षितता, मग शुद्धीकरण



"सर, पाणी फुकट, सोलर फुकट. पाण्यात करंट सोडला की ऑक्सिजन निघतो. मग सिलिंडर भरून विकायला काय हरकत आहे?" हा प्रश्न आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतो. प्रश्न चांगला आहे. शाळेत हा प्रयोग आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पण शाळेतला प्रयोग आणि पेशंटच्या नाकापर्यंत जाणारा ऑक्सिजन यांच्यामध्ये एक अख्खा कारखाना उभा असतो. व्हिडिओत हे सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आकडेमोड आहे.

सुरुवात आपल्या चोराखळीपासून

धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात, चोराखळीला धाराशिव साखर कारखाना आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट होती. ऑक्सिजनसाठी लोक रात्र-रात्र सिलिंडर घेऊन फिरत होते. साखर कारखान्यांनी ऑक्सिजन निर्मितीत उतरावं, असं आवाहन शरद पवारांनी केलं आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्याचा पाठपुरावा केला. मे २०२१ मध्ये अध्यक्ष अभिजित पाटील यांच्या या कारखान्याने आपल्या इथेनॉल प्लांटमध्ये बदल करून ऑक्सिजन काढायला सुरुवात केली. साखर कारखान्याने असं करण्याची देशातली ही पहिली वेळ म्हणून त्याची बातमी झाली.

आता नीट बघा. साखर कारखान्याकडे पाणी असतं, वीज असते, बॉयलर असतो, शिकलेले इंजिनिअर असतात. तरी त्यांनी पाण्यातून ऑक्सिजन काढला नाही. हवेतून काढला. का?

इथेनॉल प्लांटमध्ये मॉलिक्युलर सीव्हचे उभे टॉवर असतात. त्यात झिओलाइटचे दाणे भरलेले असतात. इथेनॉलमधलं उरलंसुरलं पाणी ते दाणे धरून ठेवतात. दाण्यांची जात बदलली की तेच तत्त्व हवेवर चालतं. दाबलेली हवा आत सोडायची, दाणे नायट्रोजन धरतात आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. मग दाब सोडला की दाणे नायट्रोजन बाहेर टाकतात आणि पुन्हा कामाला तयार होतात. यालाच पीएसए म्हणतात. आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आधीच मोकळा आहे, तो फक्त निवडून घ्यायचा. पाण्यात मात्र ऑक्सिजन हायड्रोजनशी घट्ट बांधलेला असतो. ती गाठ सोडवायला वीज लागते, आणि बरीच लागते.

पहिला हिशेब: एका सिलिंडरला किती वीज?

९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो ऑक्सिजन मिळतो. हे रसायनशास्त्राचं प्रमाण आहे, कुठलीही मशीन आणली तरी बदलत नाही. चांगल्या कंपनीचा इलेक्ट्रोलायझर १ किलो हायड्रोजनमागे ५० ते ५५ युनिट वीज खातो.

मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर ऑक्सिजन बसतो, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास. तेवढ्यासाठी साधारण ११ लिटर शुद्ध पाणी आणि किमान ६० युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये धरा. झाले ४८० रुपये. यात अजून सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर नाही, पगार नाही, बँकेचा हप्ता नाही, ट्रान्सपोर्ट नाही.

आता विक्री बघू. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने सिलिंडरमधल्या मेडिकल ऑक्सिजनला घनमीटरमागे २५.७१ रुपयांची कमाल किंमत ठरवली होती, जीएसटी वेगळा. ७ घनमीटरचे होतात १८० रुपये. आजचा भाव तुमच्या भागातल्या फिलरकडून घ्या, पण अंदाज आला ना? ४८० ची वीज घालून १८० चा माल.

"सर, पण सोलर?" बरं, सोलरची वीज ३ रुपये युनिट पडली असं धरू. ६० गुणिले ३, बरोबर १८० रुपये. म्हणजे वीज भागली आणि खिशात शून्य. शिवाय सोलर दिवसाचे ठरावीक तासच चालतं, पण मशीनचा हप्ता चोवीस तास चालतो.

तेवढाच ऑक्सिजन पीएसएने हवेतून काढून सिलिंडरमध्ये भरायला ढोबळमानाने दहा युनिटच्या आसपास वीज लागते. चोराखळीने हवा का निवडली, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. हाताशी तयार टॉवर होते, हे दुसरं कारण.

मग पाण्यातला ऑक्सिजन कुणाला परवडतो?

दोन प्रकारच्या लोकांना. एक म्हणजे ज्यांच्याकडे हवाच नाही. अंतराळ स्थानकात आणि अणुपाणबुडीत पाण्यापासून ऑक्सिजन काढतात, कारण तिथे दुसरा इलाज नाही आणि खर्चाचा प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरे म्हणजे ज्यांना मुळात हायड्रोजन हवा आहे. वनस्पती तूप बनवायला हायड्रोजन लागतो. असे काही कारखाने पाण्यातून हायड्रोजन काढायचे आणि सोबत आलेला ऑक्सिजन भरून विकायचे. आता ग्रीन हायड्रोजनची चर्चा आहे. आसाममध्ये जोरहाटला ऑइल इंडियाने २० एप्रिल २०२२ रोजी दिवसाला १० किलो हायड्रोजनचा पायलट प्लांट सुरू केला. १० किलो हायड्रोजन म्हणजे सोबत ८० किलो ऑक्सिजन, दिवसाला आठ-साडेआठ जम्बो सिलिंडर. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. त्याचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन आहे. ते गाठलं तर सोबत ४ कोटी टन ऑक्सिजन निघेल.

इथे उद्योजकाने कान टवकारावेत. विजेचं बिल हायड्रोजनवाला भरणार आणि ऑक्सिजन जोडउत्पादन म्हणून बाहेर पडणार. असा प्रकल्प तुमच्या जवळ आला तर तो ऑक्सिजन शुद्ध करून विकण्याचं गणित बसू शकतं. पण त्यासाठी शुद्धीकरण म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं.

या ऑक्सिजनमध्ये काय काय मिसळलेलं असतं?

हवेतून काढलेल्या ऑक्सिजनमध्ये उरतो तो नायट्रोजन आणि आर्गॉन. ते बिचारे गरीब वायू, पेट घेत नाहीत. पाण्यातून काढलेल्या ऑक्सिजनची गोष्ट वेगळी आहे. त्यात तीन पाहुणे असतात.

पहिला हायड्रोजन. दोन्ही वायूंच्या मध्ये पातळ पडदा असतो, पण थोडा हायड्रोजन पलीकडे झिरपतोच. ऑक्सिजनमध्ये तो ४ टक्क्यांवर गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि ते थेट ९४ टक्क्यांपर्यंत धोकादायकच राहतं. पेटायला काडी लागत नाही. टेरिकॉटच्या शर्टाची ठिणगी पुरते.

दुसरा अल्कलीचा फवारा. बऱ्याच इलेक्ट्रोलायझरमध्ये २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं गरम द्रावण असतं. त्याचे बारीक थेंब वायूबरोबर उडतात. ते फुफ्फुसाला भाजतात आणि पुढची यंत्रंही खराब करतात.

तिसरा ओलावा. गॅस पाण्यातूनच आलेला, त्यामुळे पूर्ण दमट. असा गॅस लोखंडी सिलिंडरमध्ये भरला की सिलिंडर आतून गंजतो.

शुद्धीकरणाची पायरी-पायरीने साखळी

हे समजून घेण्यासाठी आहे, घरी करून बघण्यासाठी नाही.

१. सेपरेटर. इथे गॅस आणि द्रावण वेगळं होतं. ऑक्सिजनचा आणि हायड्रोजनचा सेपरेटर वेगळा असतो आणि दोन्हींतला दाब सारखा ठेवावा लागतो. एका बाजूचा दाब वाढला की गॅस पडद्यातून दुसऱ्या बाजूला ढकलला जातो.

२. स्क्रबर आणि डिमिस्टर. शुद्ध पाण्याने गॅस धुतला की अल्कली निघून जाते. मग बारीक जाळीत उरलेले थेंब अडकतात.

३. हायड्रोजन मोजणारा ॲनालायझर. हा पुढच्या पायरीच्या आधीच हवा. हायड्रोजन वाढायला लागला की अलार्म, आणि साधारण २ टक्क्यांना, म्हणजे धोक्याच्या निम्म्यावरच, प्लांट आपोआप बंद. माणसाने बघून बंद करायचा नाही, मशीननेच करायचा.

४. कॅटॅलिस्टचं भांडं. यात पॅलॅडियम किंवा प्लॅटिनम लावलेले दाणे असतात. थोडाफार उरलेला हायड्रोजन इथे ऑक्सिजनशी जुळून पुन्हा पाणी होतो. पण या कामात उष्णता निघते. दर १ टक्का हायड्रोजनमागे गॅस साधारण ८० अंशांनी तापतो. म्हणजे हायड्रोजन जास्त असेल तर हेच भांडं स्फोटाची काडी ठरतं. आलं ना लक्षात, ॲनालायझर आधी का? तसंच दाणे भिजले किंवा अल्कली लागली तर काम करत नाहीत. म्हणून धुणं आधी, गॅस थोडा गरम करणं मध्ये, कॅटॅलिस्ट नंतर. हा क्रम उलटा करता येत नाही.

५. कूलर. तापलेला गॅस थंड करायचा, तयार झालेलं पाणी काढून टाकायचं.

६. ड्रायर. ॲल्युमिना किंवा मॉलिक्युलर सीव्हचे दोन टॉवर. एक ओलावा शोषतो, तोवर दुसरा तापवून कोरडा करायचा. इथेनॉल प्लांटवर काम केलेल्या पोरांना हे लगेच कळेल.

७. धुळीचा फिल्टर आणि शेवटची तपासणी. ऑक्सिजनची टक्केवारी, हायड्रोजन, ओलावा सतत मोजत राहायचं. औषध म्हणून विकायचा तर इंडियन फार्माकोपियाच्या सगळ्या चाचण्या लागतात. पाण्यातून काढलेला ऑक्सिजन चांगल्या प्लांटमध्ये ९९ टक्क्यांच्या वर जातो. पीएसएचा ९० ते ९६ टक्क्यांत राहतो. शुद्धतेत हा पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं.

८. कॉम्प्रेसर आणि सिलिंडर. इथे तेलाचा थेंबही चालत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल, ग्रीस स्वतःहून पेटतं. कॉम्प्रेसर ऑइल-फ्री, पाइप आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी खास धुतलेले, माणसाचे हात स्वच्छ. व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, कारण एकदम उघडला तर दाबाने गॅस तापतो आणि आतली सीलसुद्धा पेटू शकते.

लाइट गेली की काय?

आपल्याकडचा हा अगदी खरा प्रश्न आहे. वीज अचानक गेली की दोन्ही बाजूंचे दाब बिघडतात आणि वायू मिसळू शकतात. म्हणून प्लांट सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर पाइपलाइन नायट्रोजनने धुवावी लागते. कंट्रोल पॅनेल आणि ॲनालायझरला वेगळा यूपीएस लागतो.

सोलरचा धोका आणखी वेगळा. ढग आला, करंट कमी झाला, ऑक्सिजन कमी तयार व्हायला लागला. पण पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. मग त्याची टक्केवारी वाढते. म्हणून इलेक्ट्रोलायझर ठरावीक लोडच्या खाली चालवत नाहीत. दुपारी शुद्ध असलेला गॅस संध्याकाळी स्फोटक होऊ शकतो, ही गोष्ट लक्षात ठेवा.

दक्षिण कोरियात गँगनंग इथे २३ मे २०१९ रोजी असाच प्रकार घडला, फक्त उलट्या बाजूने. हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन मर्यादेपलीकडे गेला आणि टाकी फुटली. २ जणांचा जीव गेला, ६ जखमी झाले. तो तंत्रज्ञानात पुढारलेला देश आणि संशोधनाचा प्रकल्प. मग पत्र्याच्या शेडमध्ये जुगाड करणाऱ्याने काय समजायचं?

घरगुती जुगाड: स्पष्ट नाही

बाटली, बॅटरी, दोन स्टीलचे चमचे आणि मीठ घेऊन ऑक्सिजन बनवायचे व्हिडिओ फिरत असतात. मीठ टाकलं की ऑक्सिजनच्या बाजूने क्लोरीन निघतो. तो विषारी आहे. स्टीलमधला क्रोमियम पाण्यात उतरतो, तोही विषारी. आणि दोन्ही वायू एकाच बाटलीत जमले तर तुम्ही ऑक्सिजन नाही, सुतळी बॉम्ब बनवलाय. असा गॅस कुणाही आजारी माणसाला देऊ नका. घरातल्या आजीसाठी ऑक्सिजन लागत असेल तर डॉक्टरांना विचारून कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणा.

बोअरचं पाणीही थेट चालत नाही. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड असतं. क्षार प्लेटवर बसतात, क्लोराइड असेल तर प्लेट खातात. आरओ आणि त्यापुढे डीएम प्लांट लागतोच. म्हणजे "पाणी फुकट" हेही गणितातून गेलं.

परवाने: यात पळवाट शोधू नका

मेडिकल ऑक्सिजन हे कायद्याने औषध आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० त्याला लागू होतो आणि महाराष्ट्रात एफडीएचा उत्पादन परवाना लागतो. सिलिंडर भरणं आणि साठवणं गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं, त्याचा परवाना पेसो देतं. पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. मोठ्या दाबाच्या टाक्यांना वेगळे नियम आहेत. हायड्रोजन साठवणार असाल तर त्याचं सगळं वेगळंच.

वेल्डिंगचा इंडस्ट्रियल सिलिंडर दवाखान्यात देऊ नका. मेडिकल ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं आणि खांदा पांढरा असतो. रंग मारून सिलिंडर बदलणारे लोक बाजारात आहेत. त्यांच्या नादी लागलात तर धंदा जाईल आणि कुणाचा तरी जीवही जाईल.

मग करायचं काय?

निराश होऊ नका. ऑक्सिजनच्या आजूबाजूला बरीच कामं आहेत, आणि कमी भांडवलात होणारी आहेत.

पीएसए प्लांटची देखभाल. २०२१ मध्ये पीएम केअर्समधून देशभर सरकारी रुग्णालयांत हजाराहून अधिक पीएसए प्लांट बसले. इतर निधीतून बसले ते वेगळे. हे प्लांट हवेवर चालतात, पण आपोआप चालत नाहीत. फिल्टर बदलणं, कॉम्प्रेसरची सर्व्हिस, हवेतला ओलावा आणि तेल काढणारी यंत्रणा तपासणं, ॲनालायझरचं कॅलिब्रेशन हे वर्षभराचं काम आहे. झिओलाइटला ओल लागली की तो मरतो आणि शुद्धता घसरते. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या दोन-तीन मुलांनी कंपनीचं ट्रेनिंग घेऊन वार्षिक देखभाल कराराचं काम धरलं तर जिल्ह्यात, शेजारच्या लातूर-सोलापूरमध्ये ग्राहक शोधता येतील.

कॉन्सन्ट्रेटर भाड्याने देणं आणि दुरुस्ती. यात मशीन निर्जंतुक करणं आणि दर भाड्याआधी शुद्धता मोजणं ही शिस्त ठेवा. एक ऑक्सिजन मीटर विकत घ्या आणि ग्राहकासमोर रीडिंग दाखवा. विश्वास तिथेच तयार होतो.

परवानाधारक फिलरची डीलरशिप. गॅस कटिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, गॅरेज, साखर कारखाने हे इंडस्ट्रियल ऑक्सिजनचे रोजचे गिऱ्हाईक आहेत. साठवणीला परवाना लागतो का, किती सिलिंडरपर्यंत, ते पेसोच्या नियमात बघून मगच शेड बांधा.

हायड्रोजन प्रकल्पांची जोडकामं. डीएम पाणी, स्टेनलेस स्टीलची पाइपिंग, ऑक्सिजनसाठी पाइप धुण्याची सेवा. ही कौशल्यं आज शिकलात तर प्रकल्प येईल तेव्हा तुमचं नाव यादीत असेल.

निघण्याआधी पाच प्रश्न

कुणीही तुम्हाला "पाण्यापासून ऑक्सिजन" मशीन विकायला आला, तर चहा पाजा आणि हे विचारा. एका सिलिंडरला किती युनिट वीज, लेखी देता का? ऑक्सिजनमधला हायड्रोजन कुठे मोजला जातो आणि किती टक्क्यांना मशीन बंद होतं? लाइट गेल्यावर नायट्रोजनने धुलाई होते का? हायड्रोजन बाहेर कुठून आणि किती उंचीवर सोडता? यावर एफडीए आणि पेसोचा परवाना मिळालेला चालू ग्राहक दाखवता का?

पाचही उत्तरं कागदावर मिळाली तर पुढची बोलणी करा. एकाही प्रश्नाला "काही होत नाही हो साहेब" असं उत्तर आलं, तर चहाचे पैसे गेले असं समजा आणि बाकीचे लाख वाचवा.

तुमच्या गावातली विजेची खरी किंमत आणि सिलिंडरचा आजचा भाव घालून वरचा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करा. आकडे आपल्या हाताने लिहिले की निर्णय घेणं सोपं जातं. पुढच्या व्हिडिओत देखभाल कराराचं कोटेशन कसं बनवायचं ते बघू. भेटूया!